गिरडच्या डोंगरावरची गाणी

सह्याद्री पाहिलेल्या माणसाला गिरडचा डोंगर दाखवला, तर तो हसेल. त्याच्या लेखी ती एक टेकडी. पण वणा नदीच्या काठच्या काळ्या, सपाट मातीत आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्यांना तेवढा उंचवटासुद्धा डोंगरच वाटतो. आमच्या घरात त्याला कधी कोणी टेकडी म्हटले नाही. "डोंगरावर जायचे" म्हटले की गिरड, दुसरे काही नाही. आणि डोंगरावर जायचे म्हणजे गात जायचे, असा आमच्या घरच्या बायकांचा चार पिढ्यांचा रिवाज होता. होता असे लिहावे लागते, कारण गेली काही वर्षे आम्ही गात नव्हतो.

यंदा जानेवारीच्या शेवटच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. बरोबर बडी फुफू होत्या, म्हणजे आमच्या अब्बांच्या थोरल्या बहीण. वय ८१. भाईजान, भाभी, त्यांचा मोठा मुलगा, आम्ही दोघी बहिणी आणि लहान मुले. थंडी सुरू झाल्यापासून बडी फुफूंनी एकच धोशा लावला होता, "एकदा डोंगरावर न्या मले." गुडघे गेलेले, डोळ्यांत मोतीबिंदू. भाईजान म्हणाले, "खुर्चीत बसवून नेऊ." त्यावर त्या म्हणाल्या, "मी का बंडीतलं पोतं आहो, उचलून न्याले?" तेव्हा पायीच नेण्याचे ठरले.

गिरड हे वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातले गाव. वर्ध्याहून आग्नेयेला साठेक किलोमीटर. हिंगणघाटकडून येणाऱ्याने नागपूर-हैदराबाद महामार्गावरच्या जामपर्यंत यायचे, तिथून समुद्रपूर आणि पुढे गिरड. आम्ही निघालो तेव्हा शेतांत पराटीला शेवटचा कापूस होता. हरभरा घाट्यावर आला होता. तुरी कापून खळ्यावर पडल्या होत्या. याच तालुक्यात वायगाव आहे. तिथल्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून "वायगावची हळद" हे नाव दूरच्या शहरांतही ऐकू येते. आमच्या घरी मात्र ती हळद आधीपासून लग्नाच्या वाटीत आहे. गिरडच्या पुढे जंगल लागते. ते उमरेडकडच्या वनाशी जोडलेले असल्याने अलीकडे या भागात वाघ दिसल्याच्या बातम्याही येतात.

आता हा प्रवास गाडीने सकाळी निघून दुपारी परत असा होतो. बडी फुफूंच्या लहानपणी बंडीने दोन मुक्काम लागत. बंडीत ज्वारीचे पीठ, वांगी, चूल मांडायला विटा, अंथरुणे आणि मुले. म्हाताऱ्या बंडीत, बाकी बायका मागून पायी. त्या दोन मुक्कामांचा वेळ ज्याने भरला जाई, ती ही गाणी.

बाबा फरीद आणि व्यापाऱ्याचे दगड

डोंगरावर शेख ख्वाजा फरीद यांचा दर्गाह आहे. तीस वर्षे फकिरीत हिंडून ते १२४४ साली या डोंगरावर येऊन राहिले, अशी परंपरा इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरमध्ये नोंदवलेली आहे. हिंदू आणि मुसलमान दोन्ही समाजांचे लोक इथे सतत येतात, हेही तिथे लिहिले आहे. आजही ते तसेच आहे. आम्ही गेलो त्या दिवशी आमच्या पुढे एक कुणबी कुटुंब होते आणि मागे नागपूरकडचे दोन-तीन रिक्षावाले.

लोक इथल्या बाबांना हजरत बाबा फरीद गंजशकर म्हणूनच ओळखतात. चिश्ती सिलसिल्याचे हे थोर बुजुर्ग तेराव्या शतकातले. हजरत निजामुद्दीन औलिया त्यांचेच मुरीद. त्यांचा मजार पाकिस्तानातल्या पंजाबात, पाकपट्टनला आहे. म्हणून जाणकार मंडळी गिरडला त्यांचा चिल्ला, म्हणजे एकांतात इबादत केल्याची जागा मानतात. बाबा फरीद यांच्या नावे असलेले पंजाबी श्लोक शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. मुलतानजवळ जन्मलेल्या या बुजुर्गाने पंजाबीत लिहिले, दरबारच्या फारसीत नव्हे, ही गोष्ट भाषा शिकवणाऱ्या आम्हाला नेहमी मोलाची वाटते.

गिरडची खरी ओळख म्हणजे तिथले दगड. डोंगरावर गोलसर, गुळगुळीत, काही नारळासारखे, काही सुपारी-जायफळासारखे दिसणारे दगड सापडतात. त्याची कथा अशी. मालाने भरलेल्या बंड्या घेऊन व्यापारी चालले होते. वाटेत फकिराने विचारले, "काय आहे पोत्यात?" व्यापारी थट्टेने म्हणाला, "दगड आहेत." फकीर म्हणाले, "तसेच असो." पुढे जाऊन पोती सोडली, तर आत दगड. बाबा फरीद यांच्याविषयी साखरेचे मीठ झाल्याचीही अशीच एक कथा सांगतात. दोन्हींचा रोख एकच आहे, गरिबासमोर मालाविषयी खोटे बोलू नये.

आम्ही शाळेत भूगोलाचा तासही कधी कधी घेतो. तिथे मुलांना सांगतो की दख्खनचे हे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर साचून झाले. त्या खडकाला बेसॉल्ट म्हणतात. लाव्हा थंड होताना आत वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या आणि पुढे पाण्याबरोबर आलेली खनिजे त्यांत साचत गेली. त्यांतल्या एका जातीला झिओलाइट म्हणतात आणि गिरडचे दगड त्याच प्रकारातले आहेत. भोवतीचा खडक झिजला की हे गोळे मोकळे होतात. मुले विचारतात, "मग बाबांची गोष्ट खोटी का?" आम्ही सांगतो, दगड कसा झाला ते भूगोल सांगतो, आणि दगड पाहून माणसाने काय आठवावे ते गोष्ट सांगते. तेवढ्यावर त्यांचे समाधान होते. एखादे पोर मात्र पुढच्या वेळी खिशातून दगड आणून दाखवते. तो परत ठेवून ये, असे आम्हाला सांगावे लागते.

चढणीची आणि उतरणीची

आमच्या घरच्या गाण्यांचे तीन वाटे होते. पहिला बंडीच्या वाटेचा. दुसरा चढणीचा. तिसरा उतरणीचा.

बंडीच्या वाटेची गाणी लांब सुरांची, संथ. त्यात वाटेवरची गावे येतात, नाले येतात, बैलांची नावे येतात, कोणाच्या विहिरीचे पाणी गोड आणि कोणाचे मचूळ तेही येते. नकाशा माहीत नसलेल्या बायकांचा तो नकाशाच होता. बडी फुफूंना आजही ती गावे क्रमाने सांगता येतात, पण बोलून नाही. विचारले की त्या आधी गुणगुणतात आणि मग नाव सांगतात.

चढणीच्या गाण्यांची घडण वेगळी. चढताना दम लागतो, म्हणून ओळ आखूड. एकीने अर्धी ओळ म्हणायची आणि थांबायचे, दुसरीने पुढची अर्धी पुरी करायची. ती म्हणत असताना पहिली श्वास घेते. अशी आळीपाळी केली म्हणजे म्हाताऱ्या बायकाही न बसता चढून जात. लहानपणी आम्हाला हा खेळ वाटायचा. शाळेत मुलांना कवायत शिकवू लागलो, तेव्हा त्यातली युक्ती कळली.

या गाण्यांत बाबांची करामत फार नाही. आहे ते घरचेच. व्यापाऱ्याच्या दगडांचे एक गाणे आहे, त्यात व्यापारी दोन ओळींत येऊन जातो. बाकी सारे गाणे त्याच्या बायकोचे. संध्याकाळी नवरा पोती घेऊन दारात उभा राहिला. तिने चूल पेटवली, आधण ठेवले, पोत्यात हात घातला आणि हाताला दगड लागला. ती रडत नाही. नवऱ्याला एवढेच विचारते की रस्त्यात कोण भेटले आणि तू काय बोललास? तो सांगत नाही, ती विचारत राहते. शेवटी तो खरे बोलतो, आणि दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन डोंगरावर येते. माल परत मिळाला की नाही, हे गाण्यात नाही. नवरा खरे बोलला, इथे ते संपते. ही कथा आम्ही पुरुषांच्या तोंडून पुष्कळदा ऐकली, पण चुलीपाशी उभी असलेली ती बाई आमच्या घरच्या गाण्याबाहेर आम्हाला कुठे भेटली नाही.

उतरणीची गाणी ऐकवत नाहीत, इतकी ती ताटातुटीची आहेत. याचे कारण बडी फुफूंनीच सांगितले. घरच्या मुली वेगवेगळ्या गावी दिलेल्या. सुगीच्या दिवसांत माहेरी जायला सासरचे सोडत नसत. पण डोंगरावर जायचे म्हटले की कोणी नाही म्हणत नसे. मग निरोप जायचे, दिवस ठरायचा आणि चार गावांच्या चार बहिणी गिरडच्या पायथ्याशी भेटायच्या. वर जाताना सगळ्या एकत्र, दुपारी रोडगे आणि वांग्याची भाजी, आणि खाली उतरले की चार बंड्यांची तोंडे चार दिशांना. उतरणीचे गाणे म्हणजे त्या शेवटच्या अर्ध्या तासाचे गाणे. वर्षातून एकदा मिळणारे माहेर होते ते.

गाण्याची भाषा

आमच्या घरात बोलणे उर्दू-हिंदी मिसळलेले. शेतात, बाजारात, शेजारी वऱ्हाडी वळणाची मराठी. गाणी मात्र जवळजवळ सगळी मराठीत. अल्लाह, रसूल, इमान, सबूर, बिस्मिल्लाह हे शब्द मधे मधे येतात, पण वाक्य मराठी, चाल ओवीची आणि उपमा कापसाच्या नि तुरीच्या.

लहानपणी आम्हाला याची लाज वाटायची, हे कबूल करायला हवे. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. घरी पाहुणे आले की नज्म म्हणून दाखवायची, डोंगरावरचे गाणे नाही. ते "देहाती" होते. पुढे कॉलेजात मराठी घेतले, तर तिथे ओवी हा धडा होता, पण त्या ओवीत आमच्या घरच्या बायका नव्हत्या. अशा रीतीने उर्दूच्या बाजूने ही गाणी मराठी म्हणून सुटली आणि मराठीच्या बाजूने मुसलमानांची म्हणून. मधल्या जागेत पडून राहिली.

खरे तर ती एकटी नाहीत. विजापूरच्या सूफींनी दख्खनी भाषेत बायकांसाठी जात्यावरची गाणी रचली, त्यांना चक्कीनामा म्हणतात. त्यांत जात्याचा उभा खुंटा अलिफ अक्षरासारखा मानून अल्लाहची आठवण दिलेली आहे. या गाण्यांचा अभ्यास अमेरिकन इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी १९७० च्या दशकात जगापुढे मांडला. मराठीत श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला. आपल्या काळात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. दळणाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली आणि ओव्या विसरल्या जाऊ लागल्या, त्याच वेळी हे काम झाले म्हणून त्या वाचल्या.

आणि वर्धा जिल्ह्यात राहून एक गोष्ट विसरता येत नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यातच गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकीर हुसेन होते, जे पुढे देशाचे राष्ट्रपती झाले. मुलांना मातृभाषेतून शिकवावे, हे त्या योजनेचे एक मुख्य सूत्र. बीएडला आम्ही ते परीक्षेपुरते पाठ केले होते. आमची मातृभाषा कोणती, हा प्रश्न मात्र कधी स्वतःला विचारला नाही. आईने झोपवताना उर्दू म्हटले, दळताना मराठी. त्यातली एक आमची आणि एक परकी, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

अर्धी राहिलेली गाणी

चढणीचे गाणे दोघींचे असते, हे वर लिहिले. आमच्या घरात पहिली अर्धी ओळ बडी फुफूंची आणि पुढची अर्धी छोट्या फुफूंची. साठ वर्षे हाच क्रम. छोट्या फुफू लवकर बेवा झाल्या आणि माहेरी, म्हणजे आमच्या घरी परतल्या. बडी फुफू सासरी. दोघींची गाठ डोंगरावर पडायची.

तीन वर्षांपूर्वी आमच्या भाचीने दोघींना समोरासमोर बसवून मोबाइलवर पाऊण तास रेकॉर्ड केले होते. पुढे मोबाइल बिघडला, दुरुस्तीला दिला आणि परत आला तो पुसलेला. आम्ही म्हणालो, काही हरकत नाही, पुन्हा करू. ईदला करू, सुट्टीत करू. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात छोट्या फुफूंचा इंतकाल झाला. मोबाइल दुरुस्त करणाऱ्याला आम्ही बरेच दिवस दोष देत होतो. पण ती पाऊण तासाची गोष्ट दुसऱ्यांदा करायला आम्हाला एक वर्ष पुरले नाही, हा दोष आमचाच.

त्यानंतर आम्ही वही घेऊन बडी फुफूंजवळ बसलो. त्या अर्धी ओळ म्हणायच्या आणि थांबायच्या. आम्ही म्हणायचो, "पुढे?" त्या म्हणायच्या, "पुढचं तिचं होतं बाप्पा, मले कुठून येईन?" एक-दोनदा त्यांनी आठवून पाहिले, नाही जमले. वहीत डाव्या पानावर अर्ध्या ओळी लिहिल्या गेल्या आणि उजवे पान कोरे राहिले.

घरात दुसरी अडचणही होती. भाईजानच्या मुलाने हिफ्ज पूर्ण केले आहे आणि तो पुढे आलिमियतचे शिक्षण घेतो आहे. मुलगा नम्र, वागायला गोड. डोंगरावर जायचे ठरले तेव्हा तो बडी फुफूंना म्हणाला, "दादी, दर्ग्यावर जाऊन मागणे, गाणे-बजावणे, हे आपल्या दीनमध्ये बसत नाही." त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, काळजी होती. बडी फुफू म्हणाल्या, "मागाचं तं अल्लाहजवळच मागतो बेटा. इथं तं बसाले येतो." तो गप्प झाला. पटले म्हणून नव्हे, मोठ्यांपुढे बोलायचे नाही म्हणून. दादींचे गुडघे धरायला कोणी तरी लागेल, एवढ्यासाठी तो बरोबर आला.

हा मतभेद आमच्या एकट्या घराचा नाही, वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी तो असेल. त्याचा निवाडा करण्याची आमची योग्यता नाही. घडले ते तेवढे लिहितो.

चढ

पायथ्याशी पोहोचलो तेव्हा दहा वाजले होते. ऊन कोवळे होते. बडी फुफूंनी चप्पल काढली, नातवाचा हात धरला आणि चढायला सुरुवात केली. पंधरा-वीस पावलांवर थांबल्या. आम्हाला वाटले, दम लागला. पण त्यांनी गळा साफ केला आणि पहिली अर्धी ओळ म्हटली. आवाज कापरा, पण सूर जागेवर. मग सवयीने थांबल्या, पुढच्या अर्ध्या ओळीसाठी.

कोणी काही बोलले नाही. मुलेसुद्धा उभी राहिली. त्यांनी पुन्हा तीच अर्धी ओळ म्हटली.

तेव्हा मागून भाभींनी पुढची ओळ पुरी केली.

भाभी अमरावतीकडच्या. लग्न होऊन आल्याला सव्वीस वर्षे झाली. घरात कमी बोलणाऱ्या, गाताना त्यांना कोणी ऐकले नव्हते, खुद्द भाईजाननेही नाही. आम्ही वही घेऊन घरभर फिरलो, अब्बांच्या चुलत बहिणींना फोन केले, उमरेडच्या एका खालाकडे जाऊन आलो, पण स्वयंपाकघरात जाऊन भाभींना विचारावे हे आमच्या मनात आले नाही. त्या बाहेरून आलेल्या, त्यांना आमच्या घरची गाणी कशी येतील, असे आम्ही गृहीत धरले होते.

नंतर झाडाखाली बसल्यावर त्यांनी सांगितले. पीठ गिरणीवर जात होते, पण तुरीची डाळ आमच्या घरी अजूनही जात्यावर भरडली जाते. दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत तुरी घरी आल्या की आठ-दहा दिवस ते काम चाले. जात्याच्या एका बाजूला छोट्या फुफू आणि दुसऱ्या बाजूला भाभी. खुंटा दोघींच्या हातात. छोट्या फुफू दोन्ही ओळी म्हणायच्या, आधी बडीची, मग स्वतःची. वीस वर्षांत भाभींना सगळे येऊ लागले. "मग सांगितले का नाही?" आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, "तुम्ही घरच्या लेकींना विचारत होता. मला वाटले, हे तुमच्या माहेरचे आहे."

आम्ही काय बोलणार?

चढ संपेपर्यंत त्या दोघी गात होत्या. बडी फुफूंनी भाभींच्या खांद्यावर हात ठेवला होता. मधे एका ठिकाणी भाभींची ओळ थोडी वेगळी आली, तेव्हा बडी फुफू थांबून म्हणाल्या, "असंच म्हणे ती. मीच चुकत जात होतो." आम्हाला दोघी बरोबर वाटल्या.

पुतण्या सगळा वेळ दादींचा दुसरा हात धरून चालत होता. आपल्या आईचे गाणे तो जन्मात पहिल्यांदा ऐकत होता. वर पोहोचल्यावर बाकीचे दर्ग्याकडे गेले, तो बाहेरच बसला. जोहरची वेळ झाली तेव्हा त्याने वजू केला आणि नमाज पढली. मग आमच्याजवळ येऊन म्हणाला, "फुफू, ती वही द्या."

कोणाकडून ऐकले?

रोडगे भाजेपर्यंत तो दोघींसमोर बसून लिहीत होता. आम्ही लिहिताना फक्त ओळी उतरवत होतो. त्याने प्रत्येक गाण्याच्या आधी एक प्रश्न विचारला, "दादी, हे तुम्ही कोणाकडून ऐकले?" आम्हाला हे कधी सुचले नव्हते. त्याच्या शिक्षणात मात्र हाच पहिला प्रश्न असतो, की सांगणाऱ्याने कोणाकडून ऐकले आणि त्याने कोणाकडून. कलामे पाकची आणि हदीसची बात कुठे आणि ही बायकांची गाणी कुठे, बरोबरी करण्याचा सवाल नाही, हे त्यानेच आधी बोलून दाखवले. पण ऐकलेले ज्याचे त्याच्या नावे सांगावे, ही सवय चांगली, असे तो म्हणाला.

त्या प्रश्नाच्या उत्तरांतून एक गोष्ट बाहेर आली, जी आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हती. बडी फुफूंनी गाणी आपल्या अम्मीकडून घेतली. "न अम्मानं तिच्या सासूपासून." त्या सासूने? तिनेही सासूपासून. म्हणजे आमच्या घरची म्हणून ज्यांचा आम्ही अभिमान धरत होतो, ती गाणी जिथवर आठवण जाते तिथवर बाहेरून आलेल्या सुनांनी पुढे नेली होती. लेकी शिकल्या आणि दुसऱ्या गावी गेल्या. जात्याच्या पलीकडे बसायला उरली ती सून. बडी फुफू आणि छोट्या फुफू यांच्यापुरते ते लेकींकडे राहिले, तेही एक बेवा होऊन परतली म्हणून. भाभींपासून गाडी पुन्हा जुन्या वाटेला लागली.

पुतण्याने काही गाण्यांवर खूण केली आहे. ज्या ओळींत बाबांकडे थेट मागणे आहे, त्या ओळी आपण म्हणणार नाही, असे तो म्हणाला. पण लिहून ठेवल्या त्याने त्याही, एक अक्षर न बदलता. "लिहिणाऱ्याने कमी-जास्त करू नये," एवढेच बोलला. बडी फुफूंना ते चालले. त्या म्हणाल्या, "म्हण नाही तं नको म्हणू. लिवून ठेव."

दुपारी तीनला आम्ही उतरू लागलो. उतरणीचे गाणे म्हणायला बडी फुफूंनी नकार दिला. ते तिच्याशिवाय नको, असे त्या म्हणाल्या, आणि भाभींनीही आग्रह केला नाही. मुले मात्र उड्या मारत, बंडीच्या वाटेच्या गाण्यातली गावांची नावे उलट्या क्रमाने म्हणत खाली गेली. आमच्या धाकटीच्या खिशात एक दगड निघाला, तो परत ठेवायला लावला.

आज वहीत ३१ गाणी आहेत. त्यांतली २४ पुरी झाली. सात अजून अर्धी आहेत, ती भाभींनाही येत नाहीत. त्यांची उजवी पाने कोरी ठेवली आहेत. पुतण्याने प्रत्येक पानाच्या वर कोणी कोणाकडून ऐकले ते लिहिले आहे, आणि त्या यादीत शेवटचे नाव त्याच्या आईचे आहे.

हिंगणघाट, समुद्रपूर, उमरेड, भिवापूर या बाजूंच्या घरांतून पूर्वी कित्येक बंड्या गिरडला जात. तुमच्या घरातही कोणी गेले असेल. तिला विचारा, म्हणा की एकदा म्हणून दाखव. आणि फक्त आजीला, फुफूला, खालाला विचारून थांबू नका. तुरीची डाळ भरडताना त्यांच्या समोर कोण बसत होते, तेही विचारा. आमच्या सात कोऱ्या पानांपैकी एखाद्या पानाची पुढची ओळ तुमच्या स्वयंपाकघरात असू शकेल.